‘हट्टी’ म्हणण्याआधी एक वही घ्या

उरणच्या मोरा बंदरावर सकाळी लाँचची वाट बघत उभं राहिलं की तासाभरात अख्खं गाव भेटतं. भाऊच्या धक्क्याला उतरून कामावर जाणारे नोकरदार, पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात निघालेले म्हातारे-कोतारे. मोरा माझं माहेर. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी सकाळी मी भाचीबरोबर, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीबरोबर, त्या धक्क्यावर उभी होते. सोबत तिचा सहा वर्षांचा मुलगा.

ओहोटी होती. मोऱ्याला गाळ इतका साचतो, की पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही. पाणी चढेपर्यंत थांबायचं, एवढंच आपल्या हातात. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, आणि आमचा नातू जमिनीवर आडवा झाला. काय तो आकांत! स्वतःच्याच हाताला चावत होता, टाचा आपटत होता. बघता बघता भोवती कोंडाळं जमलं. ‘‘कवरा हट्टी पोर हाय गो तुजा!’’ एक आजी म्हणाल्या. दुसरीने दोन थापडा द्यायचा सल्ला दिला. तिसरी जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘पुनव-अवसेच्या आसपासच करतो ना असं? बाहेरचं बघून घे एकदा.’’

भाचीने काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. पर्समधून मोबाइल काढला, कार्टून लावलं आणि त्याच्या हातात दिला. एका क्षणात शांत! ‘‘बघा, मोबाइलसाठीच चाललं होतं नाटक,’’ असं म्हणत कोंडाळं पांगलं. लाँचमध्ये बसल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘आत्या, मी वाईट आई आहे का गं?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

तिच्या मुलाला स्वमग्नता आहे, ज्याला आपण ‘ऑटिझम’ म्हणतो. शब्द मोजकेच बोलतो. डोळ्याला डोळा फारसा देत नाही. रोजचा क्रम बदलला की सैरभैर होतो. दर शनिवारी ती त्याला मुंबईतल्या एका केंद्रात घेऊन जायची. तिथल्या उपचाराचं नाव ‘एबीए’. म्हणजे अप्लाइड बिहेविअर अॅनालिसिस, मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. तिच्या हातात एक जाडजूड फाइल दिली होती, सगळी इंग्रजीत. त्यात रिइन्फोर्समेंट, एक्स्टिंक्शन, प्रॉम्प्ट, फंक्शन असे शब्द. पैसे तासावर मोजून घेतले जायचे, पण त्या शब्दांचा अर्थ मात्र कुणी बसून सांगितला नव्हता. ‘‘तू बीएला मानसशास्त्र घेतलं होतंस ना? तूच सांग,’’ म्हणून तिने ती फाइल माझ्या मांडीवर ठेवली.

खरं सांगू? मी मनातून हादरले. बीएला मी साधक अभिसंधान, प्रबलन, विलोपन हे शब्द घोकून पाठ केले होते. परीक्षेत लिहिले, पास झाले आणि विसरले. इंग्रजी शब्द भाचीला कळत नव्हते आणि मराठी शब्द मला कळले नव्हते! त्या फाइलमुळे मी पुन्हा पहिलीत जाऊन बसले. आणि तेव्हा लक्षात आलं, की या शास्त्रातलं बरंचसं शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. फक्त त्याला शिस्त नाही.

या शास्त्राची पहिली पायरीच मोठी गमतीची आहे. ते म्हणतं, मुलाला नाव ठेवू नका, काय घडलं ते सांगा. ‘हट्टी’, ‘आगाऊ’, ‘लाडावलेला’ ही झाली आपली मतं. ‘तो जमिनीवर आडवा झाला, हाताला चावला, दहा मिनिटं ओरडला’ हे झालं वर्तन. जे डोळ्याला दिसतं, मोजता येतं, तेच धरायचं. कारण ‘हट्टी’ या शब्दावर उपाय काय करणार? थापड, नाहीतर भगत! पण ‘दहा मिनिटं ओरडला’ म्हटलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कधी? कुठे? त्याच्या आधी काय झालं होतं?

म्हणून दुसरी पायरी वहीची. शाळेची साधी वही घ्यायची आणि पानावर तीन रकाने पाडायचे. पहिला ‘आधी काय झालं’, दुसरा ‘त्याने काय केलं’, तिसरा ‘मग काय मिळालं’. शास्त्रात याला एबीसी म्हणतात. आपण आधी-वर्तन-नंतर म्हणू या. मी भाचीला वही दिली आणि म्हटलं, तारीख-वार-वेळ घालून फक्त लिहीत जा. कुणाला दोष द्यायचा नाही, स्वतःला तर नाहीच नाही.

सहा-सात आठवडे तिने इमानाने लिहिलं. धक्क्यावरच्या आकांताची पानं बघितली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एका शनिवारी पोरगा शहाण्यासारखा लाँचमध्ये चढतो आणि पुढच्या शनिवारी आडवा होतो. पुन्हा एक चांगला, एक वाईट. आम्ही दोघी चक्रावलो. तीच आई, तोच धक्का, तीच सकाळची लाँच. मग असं का? ती पानं माझ्या भावाने, म्हणजे त्या पोराच्या आजोबांनी हातात घेतली. आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस. त्याने तारखांपुढे पेन्सिलीने तिथ्या लिहिल्या आणि हसायलाच लागला.

आपल्या कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीयेला दीड वाजता भरती, तृतीयेला सव्वादोनला. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेसात-सव्वाआठला पूर्ण ओहोटी. शिवाय पुनव-अवसेच्या लगतचे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी उतरतंही जास्त. नेमकी हीच आमची लाँचची वेळ! पुढच्या शनिवारी मात्र दशमीच्या आसपासची तिथी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे तेव्हा भरती. लाँच थेट धक्क्याला लागते आणि थांबावं लागत नाही.

बाई गं! म्हणजे ती बाहेरचं बघायला सांगणारी बाई अर्धी बरोबर होती. पुनव-अवसेचा संबंध होताच. पण चंद्र पोराच्या डोक्यावर परिणाम करत नव्हता, तो समुद्रावर करत होता. पोराला त्रास होत होता तो न सांगता, न कळता ताटकळत उभं राहण्याचा. वही नसती तर आम्ही कुठल्या दारी नारळ-लिंबू घेऊन उभ्या राहिलो असतो, देव जाणे.

आता तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. हे शास्त्र म्हणतं, की प्रत्येक वर्तनाला काही ना काही काम असतं. यालाच ते ‘फंक्शन’ म्हणतात. मूल ओरडतं ते बहुतेक चारांपैकी एका कारणासाठी. काहीतरी हवं असतं, कुणाचं तरी लक्ष हवं असतं, कशातून तरी सुटका हवी असते, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला बरं वाटत असतं. ओरडणं तेच, पण काम वेगळं. धक्क्यावर आमचा नातू ओरडायचा तो ‘हे थांबणं नको’ म्हणून. तोच घरी संध्याकाळी ओरडायचा तेव्हा आई पोळ्या लाटत असायची आणि ओरडल्याबरोबर लाटणं टाकून धावायची. तिथे त्याला आई हवी असायची. अभ्यासाला बसवलं की वही फाडायचा, कारण वही फाटली की अभ्यास संपायचा. तिन्ही ठिकाणी आपण एकच औषध देणार असू, धपाटा नाहीतर मोबाइल, तर ते लागू कसं पडणार? पोटदुखीला आणि डोकेदुखीला एकच गोळी देण्यातली गत!

आणि हो, यात एक गोष्ट विसरू नका. न बोलणारं मूल अचानक जास्त रडायला, चावायला लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. कान दुखत असेल, दात किडला असेल, पोट साफ नसेल. दुखतंय हे सांगता न येणाऱ्याचं रडणं हीच त्याची भाषा असते.

भाषा म्हटल्यावर आठवलं. १९८५ साली कार आणि ड्युरँड या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. मूल ज्या कामासाठी त्रासाचं वर्तन करतं, तेच काम साधून देणारा दुसरा, सोपा मार्ग त्याला शिकवला, की त्रासाचं वर्तन कमी होतं. म्हणजे नुसतं ‘ओरडू नको’ म्हणून भागत नाही. ओरडण्याऐवजी काय करायचं, ते द्यावं लागतं. आमच्या नातवासाठी भाचीने पुठ्ठ्याची चित्रं केली. घर, रिक्षा, धक्का, थांबलेली माणसं, लाँच अशी एक ओळ, आणि वेगळं एक कार्ड, चालणाऱ्या पायांचं. ताटकळायचा कंटाळा आला की ते कार्ड आईच्या हातात द्यायचं आणि दोघांनी धक्क्याच्या टोकापर्यंत फेरी मारून यायची. सुरुवातीला तीच त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावायची. महिन्याभराने त्याने आपणहून पहिल्यांदा कार्ड पुढे केलं. त्या दिवशी तिने मला फोन केला आणि नुसती रडली.

आता त्या अवघड शब्दांकडे येते. ‘प्रबलन’ म्हणजे वर्तनानंतर असं काही घडणं, ज्यामुळे ते वर्तन पुन्हा होण्याची शक्यता वाढते. बक्षीस म्हणा हवं तर. पण यात एक मेख आहे. बक्षीस आपण ठरवत नाही, त्याचा परिणाम ठरवतो. आपल्याला वाटतं आपण रागावलो. पण जे मूल लक्षासाठी आसुसलंय, त्याला आईचं रागावणंही गोडच. मग रागावूनही ते वर्तन वाढतं आणि आपण म्हणतो, ‘किती सांगितलं तरी ऐकत नाही.’

दुसरी मेख आईची. धक्क्यावर मोबाइल मिळाला, म्हणजे ओरडण्याला बक्षीस मिळालं, हे तर खरंच. पण मोबाइल दिल्याबरोबर आकांत थांबला, लोकांच्या नजरा हटल्या, हे बक्षीस कुणाला मिळालं? आईला! नकोशी गोष्ट थांबली म्हणून एखादं वर्तन वाढतं, त्याला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. मी परीक्षेत याचा अर्थ ‘शिक्षा’ असा लिहिला होता आणि तो साफ चुकीचा होता. म्हणजे बघा, मूल आईला शिकवत होतं आणि आई मुलाला. दोघंही त्या क्षणी सुटकेचा रस्ता शोधत होती. यात ‘वाईट आई’ कुठून आली? धक्क्यावरची थापड मारा म्हणणारी बाई या हिशेबात नव्हतीच, कारण घरी ते पोर तिला सांभाळायचं नव्हतं.

‘विलोपन’ म्हणजे आजवर मिळणारं बक्षीस बंद करणं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण बक्षीस बंद केलं की वर्तन आधी वाढतं, मग उतरतं. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण काय करतो? शांतपणे बाजूला ठेवतो का? नाही. बटण जोरजोरात दाबतो, आपटतो, मग सोडतो. मूलही तेच करतं. त्या वाढलेल्या दिवसांत घरातलं कुणीतरी ‘जाऊ दे गं, दे एकदाचं’ म्हणतं आणि सगळ्यावर पाणी पडतं. नुसतं पाणीच पडत नाही, उलट गाठ घट्ट होते. गळ टाकून बसलेला माणूस बघितलाय ना? दिवसभरात एखादाच मासा लागतो, तरी तो उठत नाही. रोज लागत असता आणि एक दिवस बंद झाला असता तर तो केव्हाच उठला असता. ‘कधीतरी लागतो’ म्हणूनच बसतो. दहादा ‘नाही’ आणि अकराव्यांदा ‘हो’ म्हणणारं घर मुलाच्या हातात असाच गळ देतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की हे काम एकट्या आईचं नाहीच. आई मोबाइल नाही म्हणते, बाबा ऑफिसातून आल्यावर गुपचूप देतात, आजी म्हणते ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’. मग वहीतले रकाने कोण कुणासाठी भरतंय? घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून एकच नियम ठरवला पाहिजे. आणि एक धोक्याची सूचना. मूल स्वतःला इजा करत असेल, डोकं आपटत असेल, तर ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला ऐकून घरच्या घरी प्रयोग करू नका. तिथे जाणकार माणूस हवाच. आणि दुर्लक्ष करायचं ते त्या वर्तनाकडे, मुलाकडे नव्हे. त्याला नवा मार्ग न देता जुना बंद करणं म्हणजे निव्वळ कोंडी.

बाकीचे शब्द त्यामानाने घरचे आहेत. ‘प्रॉम्प्ट’ म्हणजे मदतीचा हात. पाटीवर धुळाक्षरं गिरवताना बाई आपला हात धरायच्या आणि हळूहळू सोडायच्या, तेच हे. हात धरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणंही. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करणं हीही एक पद्धत. हात धुणं आपल्याला एक काम वाटतं. खरं तर नळ उघडणं, हात ओले करणं, साबण लावणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं अशी ती सात कामं आहेत. कित्येकदा शेवटच्या तुकड्यापासून शिकवलं तर लवकर जमतं. चड्डी आपण गुडघ्यापर्यंत चढवायची आणि शेवटचा हिसका त्याला मारू द्यायचा. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याचा! आणि ‘आधी भाजी संपव, मग शिकरण’ हे तर तुमची-माझी आजी सांगत आली. १९५९ साली प्रेमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच तत्त्व मांडलं, आणि गंमत म्हणजे अमेरिकेतही त्याला ‘आजीचा नियम’ म्हणतात.

इतकं वाचून कुणाला वाटेल, मी या पद्धतीची जाहिरात करतेय. तसं नाही. याची दुसरी बाजूही आयांना कळलीच पाहिजे.

हे शास्त्र उभं राहिलं ते बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी एका लेखात ‘उपयोजित’ म्हणजे काय ते मांडलं. पुढे १९८७ साली लोवास या संशोधकाचा गाजलेला अभ्यास आला. आठवड्याला ४० तास, दोन वर्षं आणि त्याहून जास्त शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं पहिलीचा नेहमीचा वर्ग पार करून गेली, असं त्यात म्हटलं होतं. आजही कित्येक केंद्रांत ‘चाळीस तास’ हा आकडा आयांना ऐकवला जातो. पण त्याच अभ्यासात नको त्या वर्तनाला मोठ्याने ‘नो!’ म्हणणं आणि अधूनमधून मांडीवर चापट मारणंही होतं, हे कुणी सांगत नाही. मुलांच्या दोन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटण्या केलेल्या नव्हत्या, हेही सांगत नाहीत. २०१८ साली कोक्रेन या संस्थेने अशा सखोल उपचारांवरचे अभ्यास तपासले, तेव्हा काही मुलांना फायदा दिसतो, पण पुरावा कमकुवत आहे, असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे ‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर पर्स घट्ट धरा आणि घरी या.

आणखी एक आवाज मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वमग्न मुलं मोठी होतात, लिहितात, बोलतात. त्यातले पुष्कळ जण सांगतात, की लहानपणी आम्हाला डोळ्यात डोळे घालून बघायला भाग पाडलं, हात फडफडवू दिले नाहीत, तो छळ होता. आमचा नातूही आनंद झाला की हात फडफडवतो. त्यात कुणाचं काय बिघडतं? केंद्रातल्या फाइलमध्ये ‘हात शांत ठेवणे’ असं एक ध्येय लिहिलेलं होतं. भाचीने ते विनंती करून खोडायला लावलं. ‘उपयोजित’ या शब्दाचा मूळ अर्थच त्या माणसाच्या जगण्याला उपयोगी असा आहे. भूक लागली हे सांगता येणं, शी-शू कळणं, रस्त्यावर हात न सोडणं, नको असेल तर ‘नको’ म्हणता येणं, हे उपयोगी. चारचौघांत आपल्याला लाज वाटू नये म्हणून त्याला लाकडासारखं बसवणं, हे कुणाच्या उपयोगाचं? ‘नको’ म्हणायची सोयच काढून घेतलेलं मूल उद्या कुणी वाईट हात लावला तर काय करेल, याचाही विचार आपण बायकांनी करायला हवा.

मग छोट्या गावातल्या आईने करायचं काय? मुंबई-पुण्याला जाऊन महिन्याचे हजारो रुपये मोजणं किती जणींना जमेल? इथे मला गोव्याची गोष्ट सांगावीशी वाटते. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने भाग घेतलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ स्वमग्न मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यातल्या काही घरांमध्ये जाऊन आई-वडिलांना मुलाशी खेळायला-बोलायला शिकवलं. ती पद्धत एबीए नव्हती. पण त्या घरांत आई-वडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. म्हणजे ज्ञान आईच्या भाषेत, आईच्या ओटीवर आलं तर ते चालतं! मग आपल्या आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना असं प्रशिक्षण का मिळू नये? ही मागणी आपण महिला मंडळांतून, ग्रामसभेतून करायला काय हरकत आहे?

आज जे आहे, तेही पुष्कळांना माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढण्यात कमीपणा नाही. उलट राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत धरला जातो. अंगणवाडी-शाळांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांपुढे मुलाला लपवू नका, पुढे करा. आणि थेरपी देणाऱ्या माणसाला त्याचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बेधडक विचारा. आणखी तीन प्रश्न विचारा. ‘हे ध्येय माझ्या मुलाच्या कुठल्या उपयोगाचं?’ ‘तो रडला तर तुम्ही काय करता?’ आणि ‘मला शेजारी बसू द्याल का?’ दार बंद करून घेणाऱ्या ठिकाणी मूल सोडू नका. उत्तर मराठीत, समजेल असं मागा. पैसे आपण देतो, अर्थ कळायचा हक्कही आपलाच.

आता शेवटचं सांगते. आमच्याकडे काय झालं? आजोबांनी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने ओहोटीचे शनिवार खुणावले. केंद्राला विचारून त्या दिवशीची वेळ पुढे ढकलून घेतली. बाकी दिवशी चित्रांची ओळ आणि पायांचं कार्ड. सगळं सुरळीत झालं का? छे! मधे पावसाळ्यात लाँच अचानक रद्द झाली, तेव्हा पुन्हा धक्क्यावर लोळण झालीच. पण तेव्हा भाची घाबरली नाही. मोबाइल काढला नाही, हात उगारला नाही. शेजारी उकिडवी बसून राहिली आणि तो जरा शांत झाल्यावर कार्ड त्याच्या हाताशी ठेवलं. घरी येऊन वहीत लिहिलं, ‘आधी: लाँच रद्द, सांगितलं नव्हतं.’ त्या पानावर ‘हट्टी’ हा शब्द कुठेच नव्हता, आणि ‘वाईट आई’ हाही नव्हता.

परवा धक्क्यावर त्याच आजी पुन्हा भेटल्या. नातू कार्ड हातात घेऊन आईबरोबर फेऱ्या मारत होता. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि मला विचारलं, ‘‘काय दिलाव गो त्याला? गप हाय आज.’’

मी म्हटलं, ‘‘काही नाही आजी, एक वही दिली. त्याला नाही, आम्हाला.’’

तुमच्या ओळखीत असं एखादं ‘हट्टी’ मूल असेलच. त्याच्या आईला सल्ला देण्याआधी, जमलं तर एक वही नेऊन द्या. आणि ती लिहीत असेल तेव्हा तासभर तिचं मूल सांभाळा. त्या बाईला सल्ल्यापेक्षा या दोन गोष्टींची जास्त गरज आहे.